अर्धसंवाहक क्वांटम डॉट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्वांटम डॉटविषयी बोलताना ‘कण लहान-मोठा केला की रंग बदलतो’ एवढेच बहुतेक वेळा सांगितले जाते. ते बरोबर आहे आणि विलक्षणही आहे. पण या विषयात गेली चाळीस वर्षे जी मेहनत झाली, तिचा मोठा वाटा सगळे कण एकसारखे करण्यावर आणि त्यांचा पृष्ठभाग निर्दोष ठेवण्यावर खर्ची पडला आहे. विद्यार्थी, शिक्षक आणि जिज्ञासू वाचक यांच्या प्रश्नांना उत्तरे देताना म्हणूनच या दोन गोष्टींकडे इथे जास्त लक्ष दिले आहे.

क्वांटम डॉट म्हणजे नेमके काय?

अर्धसंवाहक पदार्थाचा काही नॅनोमीटर व्यासाचा स्फटिक म्हणजे क्वांटम डॉट. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. कॅडमियम सेलेनाईड हा या क्षेत्रात सर्वांत जास्त अभ्यासला गेलेला पदार्थ आहे. त्याचा ४ नॅनोमीटर व्यासाचा कण घेतला, तर त्याच्या घनतेवरून हिशेब करता त्यात साधारण बाराशे अणू भरतात. एका रेणूच्या मानाने ही संख्या मोठी आहे आणि डोळ्यांना दिसणाऱ्या स्फटिकाच्या मानाने नगण्य आहे. आतली अणूंची मांडणी मोठ्या स्फटिकासारखीच असते, पण इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापातळ्या मात्र अणूतल्याप्रमाणे सुट्या-सुट्या होतात. याच कारणाने क्वांटम डॉटला काही जण ‘कृत्रिम अणू’ म्हणतात.

आकार बदलल्याने रंग का बदलतो?

अर्धसंवाहकावर पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की एक इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापट्ट्यात जातो आणि खाली त्याची रिकामी जागा, म्हणजे होल, उरते. इलेक्ट्रॉन आणि होल एकमेकांना धरून राहतात. या जोडीला एक्सायटॉन म्हणतात आणि प्रत्येक पदार्थात या जोडीचा एक स्वाभाविक विस्तार असतो. कॅडमियम सेलेनाईडमध्ये त्याची त्रिज्या साडेपाच नॅनोमीटरच्या आसपास आहे, तर लेड सल्फाईडमध्ये ती अठरा-वीस नॅनोमीटरपर्यंत जाते. स्फटिकच या विस्तारापेक्षा लहान झाला की जोडी कोंडली जाते. इलेक्ट्रॉन हा तरंगही असल्यामुळे सतारीवर पडदा दाबून तार आखूड केली की स्वर चढावा, तशी त्याची ऊर्जा वाढते. जोडी पुन्हा एकत्र येताना तीच वाढलेली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते, म्हणून लहान कण निळ्याकडे आणि मोठे कण तांबड्याकडे झुकतात.

ही वाढ त्रिज्येच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात होते; इलेक्ट्रॉन आणि होल यांच्यातील विद्युत आकर्षणामुळे तिच्यातून थोडी वजाबाकी होते आणि ती वजाबाकी त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असते. लुई ब्रूस यांनी १९८४मध्ये मांडलेल्या समीकरणाचा हा गाभा आहे. विद्यार्थ्यांनी हे समीकरण एकदा तरी हाताने सोडवून पाहावे, कारण त्यातून त्याची मर्यादाही लक्षात येते. मोठ्या कॅडमियम सेलेनाईड स्फटिकाचे ऊर्जा-अंतर, म्हणजे इलेक्ट्रॉनला वरच्या ऊर्जापट्ट्यात नेण्यास लागणारी किमान ऊर्जा, १.७४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवर वापरले जाणारे ऊर्जेचे एकक) आहे. २ नॅनोमीटर त्रिज्येसाठी पाठ्यपुस्तकातील प्रभावी वस्तुमाने (स्फटिकात इलेक्ट्रॉन आणि होल ज्या वस्तुमानाचे असल्यासारखे वागतात ती) घातली, तर उत्तर अडीच इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास येते, म्हणजे प्रकाश निळसर हिरवा हवा. प्रत्यक्षात एवढ्या कणाचे शोषण २.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या, म्हणजे ५९० नॅनोमीटरच्या जवळपास असते. कणाच्या भिंती अनंत उंचीच्या आहेत आणि इतक्या थोड्या अणूंतही प्रभावी वस्तुमान तेच राहते, ही दोन गृहीतके लहान कणांत टिकत नाहीत, म्हणून हा फरक पडतो. समीकरण दिशा अचूक सांगते, आकडा सांगत नाही; त्यामुळे प्रयोगशाळेत आकार ठरवताना मोजून तयार केलेले आलेखच वापरले जातात.

शोध नेमका कोणाचा?

याचे उत्तर एका नावात देता येत नाही. १९८१मध्ये लेनिनग्राडच्या वाव्हिलोव्ह ऑप्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये अलेक्सी एकिमोव्ह यांनी कॉपर क्लोराईड मिसळलेली काच ५०० ते ७०० अंश सेल्सिअसला, कधी तासभर तर कधी ९६ तास तापवली. क्ष-किरणांनी तपासल्यावर काचेत २ ते ३० नॅनोमीटरचे स्फटिक तयार झालेले आढळले आणि स्फटिक जितके लहान, तितके काचेचे शोषण निळ्याकडे सरकलेले दिसले. सैद्धांतिक स्पष्टीकरण एफ्रोस यांनी दिले. हे काम सोव्हिएत नियतकालिकांत प्रसिद्ध झाले आणि पलीकडच्या जगाला लगेच कळले नाही. अमेरिकेत बेल लॅब्समध्ये ब्रूस सौरऊर्जेवर चालणाऱ्या रासायनिक क्रियांसाठी कॅडमियम सल्फाईडचे कण द्रावणात बनवत होते. टेबलावर दिवसभर राहिलेल्या द्रावणाचे प्रकाशीय गुण बदलल्याचे १९८३मध्ये त्यांच्या ध्यानात आले: ताजे कण सुमारे ४.५ नॅनोमीटरचे होते, शिळे १२.५ नॅनोमीटरचे. ‘क्वांटम डॉट’ हे नाव १९८८मध्ये मार्क रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या शोधनिबंधामुळे रूढ झाले. एकिमोव्ह, ब्रूस आणि मौंगी बावेंडी यांना २०२३चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

बावेंडी यांनी त्यात काय भर घातली?

माझ्या मते या क्षेत्राचे खरे वळण इथे आहे. एकिमोव्ह यांचे कण काचेत अडकलेले होते, ब्रूस यांचे कण द्रावणात मोकळे होते, पण दोन्हीकडे लहान-मोठ्या कणांची सरमिसळ होती आणि सरमिसळ असली की रंग फिसकटतो. १९९३मध्ये एमआयटीमध्ये मरे, नॉरिस आणि बावेंडी यांनी जी कृती प्रसिद्ध केली, तिने हा प्रश्न सोडवला.

कृती अशी. ट्रायऑक्टिलफॉस्फिन ऑक्साईड हे उच्च तापमानाला टिकणारे द्रावक हवाबंद चंबूत आर्गॉन वायूखाली ३०० अंशांच्या आसपास तापवायचे आणि कॅडमियम व सेलेनियम असलेले गार द्रावण मोठ्या सुईने एका झटक्यात आत सोडायचे. क्षणभर मिश्रण अतिसंपृक्त होते आणि असंख्य स्फटिकबीजे एकदमच जन्म घेतात. गार द्रावणामुळे तापमान उतरते, संपृक्तता घटते आणि नवीन बीजे तयार होणे थांबते. त्यानंतर पुन्हा बेताने तापवले की सगळी बीजे एकाच वयाची असल्यामुळे जवळपास बरोबरीने वाढतात. मधूनमधून थोडे द्रावण काढून कुपीत भरत गेले, तर आधीच्या कुप्या फिकट पिवळ्या, नंतरच्या नारिंगी आणि शेवटच्या गडद तांबड्या दिसतात, आणि अतिनील दिव्याखाली त्याच कुप्या निळसर हिरव्यापासून लाल रंगापर्यंत क्रमाने उजळतात. या पद्धतीने १.२ ते ११.५ नॅनोमीटरपर्यंतचे कण मिळाले आणि निवडक अवक्षेपणानंतर, म्हणजे मोठे कण आधी तळाशी बसवून वेगळे काढल्यावर, व्यासातील तफावत पाच टक्क्यांच्या आत आली. मूळ कृतीतील डायमिथिल कॅडमियम हे हवेत पेट घेणारे, अत्यंत विषारी संयुग होते. २००१च्या सुमारास त्याच्या जागी कॅडमियम ऑक्साईड चालते असे दाखवले गेले आणि मग ही पद्धत जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचली.

पृष्ठभागाला एवढे महत्त्व का दिले जाते?

४ नॅनोमीटरच्या त्या बाराशे अणूंपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक अणू अगदी बाहेरच्या थरात असतात. कण २ नॅनोमीटरचा केला तर हे प्रमाण निम्म्याच्याही वर जाते. बाहेरच्या अणूला सर्व बाजूंनी शेजारी नसतात, त्याचे काही बंध अपुरे राहतात. इलेक्ट्रॉन किंवा होल अशा अपुऱ्या बंधापाशी अडकला की ऊर्जा प्रकाशाऐवजी उष्णता होऊन वाया जाते. १९९३च्या कणांचे रंग सुरेख होते, तरी शोषलेल्या शंभर प्रकाशकणांमागे साधारण दहाच परत मिळत.

यावर उपाय म्हणजे कवच. १९९६मध्ये हाइन्स आणि ग्यो-सिओनेस्ट यांनी कॅडमियम सेलेनाईडच्या गाभ्याभोवती झिंक सल्फाईडचा पातळ थर चढवला आणि प्रकाशाचे उत्पन्न एकदम ५० टक्क्यांवर नेले. झिंक सल्फाईडचे ऊर्जा-अंतर मोठे असल्याने इलेक्ट्रॉन व होल आतच राहतात आणि पृष्ठभागाच्या दोषांपर्यंत पोहोचत नाहीत. मात्र गाभा आणि कवच यांच्या स्फटिकजाळ्यांच्या मापात सुमारे १२ टक्क्यांचा फरक असल्याने थर जाड केला की ताण येऊन नवे दोष निर्माण होतात. म्हणून मध्ये कॅडमियम सल्फाईडचा किंवा मिश्र संयुगाचा थर देण्याची रीत पुढे पडली. कवचाबाहेर आणखी एक आवरण असते ते लिगंड रेणूंचे. ओलेइक आम्लासारखे हे लांब शेपटीचे रेणू कणांना एकमेकांना चिकटू देत नाहीत आणि ते कशात विरघळतील हे ठरवतात. टीव्हीसाठी, पेशींसाठी आणि सौरघटासाठी गाभा एकच ठेवता येईल, पण बाहेरचे लिगंड प्रत्येक ठिकाणी बदलावे लागतात, आणि वर्षानुवर्षांचे संशोधन नेमके तिथेच अडलेले असते.

एकेकटा क्वांटम डॉट लुकलुकतो, हे खरे आहे का?

होय. १९९६मध्ये एकेका कणाकडे सूक्ष्मदर्शकातून पाहिल्यावर असे आढळले, की सतत प्रकाश टाकूनही कण मध्येच विझतो आणि पुन्हा पेटतो. याचे मुख्य स्पष्टीकरण असे, की कणावर एखादा जादा विद्युतभार उरला की नव्या एक्सायटॉनची ऊर्जा प्रकाशाऐवजी त्या जादा भाराला मिळते. या क्रियेला ऑगर पुनर्मीलन म्हणतात. जाड आणि हळूहळू बदलत जाणारे कवच दिल्यास लुकलुकणे बरेच कमी होते.

क्वांटम डॉट टीव्हीत हे कण स्वतः पेटतात का?

बाजारातील बहुतेक संचांत नाही, आणि जाहिरातींमुळे याबाबत मोठा गैरसमज पसरला आहे. ‘क्यूएलईडी’ या नावाने विकले जाणारे संच मुळात एलसीडीच आहेत. मागे ४५० नॅनोमीटरच्या आसपासचे निळे एलईडी असतात आणि त्यांच्यापुढे क्वांटम डॉटची फिल्म असते. फिल्ममधील दोन आकारांचे कण निळ्या प्रकाशाचा काही भाग शोषून त्याचा शुद्ध हिरवा आणि शुद्ध लाल प्रकाश करतात. कणांची उत्सर्जन-रेषा अरुंद असते. कॅडमियमच्या कणांत ती २० ते ३५ नॅनोमीटर रुंद, इंडियम फॉस्फाईडमध्ये थोडी जास्त. रेषा जितकी अरुंद, तितके पडद्यावर दाखवता येणारे रंग अधिक. एकसारखेपणाचा मुद्दा इथे ग्राहकाच्या डोळ्यांपर्यंत येतो: आकारात तफावत असलेले कण वापरले, तर हिरवा रंग पिवळट होतो.

सोनीने २०१३मध्ये असे संच बाजारात आणले, सॅमसंगने २०१५पासून कॅडमियमविरहित कण वापरले, आणि २०२२मध्ये निळ्या ओएलईडीवर क्वांटम डॉट बसवलेले पडदे आले. वीज देताच कण स्वतः पेटतील अशा पडद्यांवर काम चालू आहे. त्यात लाल आणि हिरवा रंग समाधानकारक आयुष्य देतात, निळा मात्र लवकर मंदावतो. निळ्यासाठी कण लहान लागतात, लहान कणांत पृष्ठभागाचा वाटा मोठा असतो आणि ऊर्जाही जास्त असते, त्यामुळे झीज तिथेच लवकर होते.

कॅडमियम विषारी असताना ते वापरतातच कशाला?

कारण त्याच्याइतके शुद्ध रंग आणि स्थिरता इतर पदार्थांतून सहज मिळत नव्हती. युरोपीय संघाच्या नियमानुसार विद्युत उपकरणाच्या एकजिनसी भागात वजनाच्या ०.०१ टक्क्याहून अधिक कॅडमियम चालत नाही आणि या नियमानेच उद्योगाला इंडियम फॉस्फाईडकडे ढकलले. इंडियम फॉस्फाईडचे बंध अधिक सहसंयुजी असल्याने त्याचे एकसारखे कण बनवणे अवघड जाते, शिवाय त्याचा पृष्ठभाग हवेत पटकन ऑक्सिडीकृत होतो. तरी आज पडद्यांपुरता हा पदार्थ पुरेसा परिपक्व झाला आहे.

दुसरा पर्याय हॅलाईड पेरोव्हस्काइट या विशिष्ट स्फटिकरचनेच्या पदार्थांचा. २०१५मध्ये झुरिचमधील कोव्हालेन्को यांच्या गटाने सीझियम लेड हॅलाईडचे नॅनोस्फटिक बनवले आणि कवच न चढवताच ९० टक्क्यांपर्यंत प्रकाश-उत्पन्न मिळवले. या पदार्थाला पृष्ठभागाचे दोष तेवढे बाधत नाहीत, ही त्याची असामान्य बाजू आहे. पण तो दमट हवेत टिकत नाही आणि त्यात शिसे आहे, त्यामुळे विषारीपणाचा प्रश्न सुटत नाही, फक्त बदलतो.

वैद्यकात क्वांटम डॉट वापरले जातात का?

प्रयोगशाळेत वापरले जातात, रुग्णांच्या नेहमीच्या उपचारात नाहीत. १९९८मध्ये दोन स्वतंत्र गटांनी पाण्यात विरघळणारे क्वांटम डॉट पेशींना खूण म्हणून वापरून दाखवले. नेहमीची सेंद्रिय रंगद्रव्ये प्रकाशात लवकर फिकी पडतात. क्वांटम डॉट बराच वेळ टिकतात आणि एकाच अतिनील दिव्याने अनेक रंगांचे कण एकाच वेळी उजळतात, त्यामुळे पेशीतील चार-पाच घटक एकाच चित्रात वेगळे ओळखता येतात.

शरीरात सोडण्याचा प्रश्न वेगळा आहे. कॅडमियम सेलेनाईडचा पृष्ठभाग हवेत किंवा अतिनील प्रकाशात ऑक्सिडीकृत झाला की कॅडमियम आयन सुटतात आणि पेशी मरतात, हे २००४मध्ये यकृताच्या पेशींवर दाखवले गेले. कवच चढवल्याने हा धोका कमी होतो, पण कायमचा जात नाही. शिवाय पाण्यातील आवरणासह व्यास साधारण साडेपाच नॅनोमीटरपेक्षा कमी असला तरच असे कण मूत्रपिंडातून बाहेर पडतात असे २००७मधील उंदरांवरील प्रयोगांत दिसले. कवच, लिगंड आणि खूण पटवणारा रेणू एवढे सगळे लादून इतक्या कमी मापात राहणे फार कठीण आहे.

सौरघटात त्यांचा उपयोग किती?

आज सुमारे १८ टक्के कार्यक्षमता प्रयोगशाळेतील लहान घटांनी गाठली आहे; छतावरच्या सिलिकॉन पॅनेलशी स्पर्धा करण्यास ती पुरेशी नाही. एका प्रकाशकणापासून एकाहून अधिक एक्सायटॉन मिळवण्याची कल्पना २००४मध्ये लेड सेलेनाईडच्या कणांत प्रयोगाने दिसली आणि तिने मोठ्या आशा निर्माण केल्या, पण तो लाभ बाहेरच्या तारेपर्यंत आणणे अवघड ठरले आहे. मला अधिक भरवशाचा वाटतो तो अवरक्त प्रकाश टिपणारा संवेदक. सिलिकॉनचा कॅमेरा ११०० नॅनोमीटरपलीकडे आंधळा असतो. लेड सल्फाईडचे कण मात्र आकार बदलून त्यापुढच्या तरंगलांबींना जुळवता येतात आणि शाईसारखे थेट सिलिकॉन चिपवर पसरता येतात. अर्थात त्याआधी लांब, वीज अडवणारे ओलेइक आम्ल काढून आयोडाईडसारखे आखूड लिगंड बसवावे लागतात.

क्वांटम संगणकातले क्वांटम डॉट हेच का?

नाव एक, भौतिकशास्त्राचा पाया एक, पण वस्तू वेगळी. वर वर्णिलेले कण द्रावणात तयार होतात. दुसरा प्रकार स्फटिकाच्या थरात आपोआप उगवतो: गॅलियम आर्सेनाईडवर इंडियम आर्सेनाईडचा थर चढवताना दोघांच्या मापातील सात टक्क्यांच्या फरकामुळे ताण साठतो आणि थर सपाट न राहता त्याची सूक्ष्म बेटे बनतात. अशी बेटे चार केल्व्हिनच्या आसपास गार करून लेझरने उत्तेजित केली, तर ती एका वेळी एकच प्रकाशकण सोडतात. अर्धसंवाहक लेझरसाठी तर क्वांटम डॉटची कल्पना अराकावा आणि साकाकी यांनी १९८२मध्येच मांडली होती.

तिसऱ्या प्रकारात स्फटिकाचा वेगळा कण नसतोच. सिलिकॉन चिपवरील धातूच्या पट्ट्यांना विद्युतदाब देऊन एकेक इलेक्ट्रॉन जागच्या जागी कोंडला जातो आणि त्याची फिरकी (स्पिन) क्युबिट, म्हणजे क्वांटम संगणकातील माहितीचे एकक, म्हणून वापरतात. हा प्रस्ताव लॉस आणि डिव्हिन्सेन्झो यांनी १९९८मध्ये मांडला. सुरुवातीचे प्रयोग गॅलियम आर्सेनाईडमध्ये झाले, पण त्यातील प्रत्येक अणुकेंद्राला स्वतःची फिरकी असल्याने इलेक्ट्रॉनची माहिती लवकर विस्कटते. सिलिकॉन-२८च्या केंद्राला फिरकी नाही, म्हणून शुद्ध केलेले सिलिकॉन पसंत केले जाते. २०२२मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्ट आणि जपानमधील रिकेन येथील गटांनी दोन क्युबिटच्या क्रियेची अचूकता ९९ टक्क्यांपुढे नेली.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत क्वांटम डॉट बनवता येतील का?

कॅडमियमचे बनवू नयेत; त्यासाठी चांगले धूरकक्ष आणि टाकाऊ द्रावणाची रीतसर विल्हेवाट लावण्याची सोय लागते आणि ती अनेक ठिकाणी नसते. सायट्रिक आम्ल आणि युरिया तापवून मिळणारे कार्बन डॉट सोपे आहेत आणि अतिनील टॉर्चखाली निळे चमकतात, पण त्यांच्या प्रकाशाचे मूळ बऱ्याच अंशी पृष्ठभागावरील रासायनिक गटांत असते. आकार आणि रंग यांचा साधा संबंध शिकवण्यासाठी ते योग्य उदाहरण नाही. मँगनीज मिसळलेले झिंक सल्फाईड मला अधिक योग्य वाटते. ते पाण्यात, साध्या क्षारांपासून तयार होते आणि अतिनील प्रकाशात नारिंगी दिसते. हा नारिंगी रंग मँगनीजचा असतो आणि तो कणाच्या आकाराने फारसा बदलत नाही. शोषणाची कड, म्हणजे ज्या तरंगलांबीपासून प्रकाश शोषला जाऊ लागतो ती, मात्र बदलते. दोन्ही मोजून विद्यार्थ्यांना फरक दाखवता येतो.

या विषयावर आपल्याकडे काम होते का?

होते, आणि ते अलीकडचे नाही. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात डॉ. सुलभा कुलकर्णी यांच्या गटाने मँगनीजयुक्त झिंक सल्फाईडचे नॅनोकण पाण्यातील पद्धतीने बनवल्याचे संशोधन १९९५मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे बावेंडी यांच्या निबंधानंतर दोनच वर्षांनी. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. डी. डी. सरमा यांनी मँगनीज मिसळलेल्या नॅनोस्फटिकांवर महत्त्वाचे काम केले आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केले. त्यात क्वांटम संवेदन व मापनाचे केंद्र आयआयटी मुंबईकडे आणि क्वांटम पदार्थ व उपकरणांचे केंद्र आयआयटी दिल्लीकडे आहे. या विषयात येऊ इच्छिणाऱ्याने भौतिकशास्त्र घेतले असेल तर संश्लेषणाचे रसायनशास्त्र, आणि रसायनशास्त्र घेतले असेल तर घनपदार्थाचे भौतिकशास्त्र, पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या काळातच भरून काढावे, पीएच.डी. सुरू झाल्यावर त्यासाठी सवड काढणे कठीण जाते.